भोपळ्याची इवलीशी फळं गळतात? परागीभवन हाताने करा
वेलीवर फुलं भरपूर, पण फुलामागचं इवलंसं फळ पिवळं पडून गळतं. याचं कारण अनेकदा एवढंच असतं की नर फुलातले पराग मादी फुलापर्यंत पोहोचलेले नसतात. मकरंद फुलाच्या तळाशी असतो, त्यामुळे तिथवर जाताना मधमाशीच्या अंगाला पराग लागतात. भोपळ्याचे पराग जड आणि चिकट, वाऱ्याने उडून जाणारे नव्हेत. मधमाश्या कमी दिसत असतील तर हे काम आपणच करावं.

सकाळी लवकर, ताजं उमललेलं नर फूल तोडा (त्याच्यामागे फुगीर फळ नसतं). पाकळ्या काढून टाका आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या कुक्षीवर (फुलाच्या मधोमध असलेल्या, पराग घेणाऱ्या भागावर) हलकेच फिरवा. कुक्षी चिकट असते, पराग तिथे लगेच धरून राहतात. तिच्या सगळ्या पाळ्यांना पराग लागू द्या; एकाच बाजूला लागले तर फळ वेडंवाकडं वाढू शकतं. दुपारपर्यंत फूल मिटतं, मग उपयोग नाही. आणि सकाळी फुलांवर पाणी अजिबात मारू नका, भिजलेले पराग वाया जातात.

दुधी आणि दोडक्याची फुलं मात्र संध्याकाळच्या सुमारास उमलतात. तिथे हेच काम तेव्हा करा.