पोटॅशवाले ज्वालामुखी खडक शोधताय? खान्देशात या चुका टाळा

जामनेरकडच्या एका खदानीत खडी फोडणाऱ्या पोराने एक चकाकता तुकडा माझ्या हातावर ठेवला. "भाऊ, हाई अभ्रक शे का?" तुकडा पातळ, वरून मोत्यासारखी झाक, एका बाजूने सुरीने कापल्यासारखा सपाट. क्षणभर मीही फसलो. मग कडेला नख लावून वाकवायला गेलो, तर टचकन मोडला. अपोफिलाइट होता.

अभ्रकाचा पापुद्रा वाकतो आणि सोडला की पुन्हा सरळ होतो. अपोफिलाइटचे पापुद्रे निघतात, पण ते वाकत नाहीत. तापवले तर आतले पाणी जाऊन ते सुटे होतात, ग्रीक नाव त्यावरूनच पडले. खरी गंमत पुढे आहे. या अपोफिलाइटात पोटॅशियम असतेच, आणि अभ्रकातही असते. त्यामुळे "पोटॅशियमचे खनिज सापडले, म्हणजे पृथ्वीच्या खोलातून वर आलेला खडक सापडला" असे वाटणारे दरवर्षी दोन-चार जण तरी भेटतात.

पोटॅशियम दिसले की खोली धरून चालणे

आपल्या पायाखालचा काळा दगड, डेक्कनचा बेसाल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात पोटॅश (K₂O) बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्याही खाली. अपोफिलाइट, स्टिल्बाइट, हिरवा सेलाडोनाइट हे सगळे लाव्हा थिजल्यावर त्याच्या पोकळ्यांत गरम पाण्याने आणून बसवलेले. पृष्ठभागाजवळचे, कमी तापमानाचे काम. जळगावची स्फटिके जगभरच्या संग्रहांत आहेत, पण त्यांचा जन्म खोलातला नाही.

पोटॅशवाल्या मॅग्माचे घराणे वेगळे. जुन्या, जाड खंडाच्या बुडाशी, दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खाली, प्रावरणाच्या (कवच आणि गाभा यांच्यामधल्या थराच्या) खडकात कधीतरी पोटॅशियम घेऊन द्रव झिरपतात. त्यांतून शिराशिरांनी फ्लोगोपाइट तयार होतो, म्हणजे मॅग्नेशियमचे तपकिरी अभ्रक. मग तो भाग कोट्यवधी वर्षे तसाच पडून राहतो. पुढे कधी थोडी उष्णता वाढली की पहिल्यांदा हीच शिरांची जागा वितळते. पोटॅशियमचा आयन मोठा. ऑलिव्हिन-पायरोक्सिनच्या रचनेत त्याला जागा नसते, म्हणून वितळणाऱ्या पहिल्या थेंबांत तोच घुसतो. खडक थोडासाच वितळला तर त्या थेंबांत पोटॅश दाटून राहतो. डेक्कनसारखा प्रचंड वितळला, तर पाणी जास्त पडलेल्या वरणातल्या मिठासारखी गत होते.

एक जोडचूक इथेच सांगून टाकतो. हा मॅग्मा "पृथ्वीच्या गाभ्यातून" येत नाही. गाभा सुरू होतो सुमारे 2900 किलोमीटरवर, आणि तिथे आहे लोखंड. आणखी एक: केळीच्या पट्ट्यात माती परीक्षणात पोटॅश "भरपूर" आला म्हणून खालचा खडक पोटॅशवाला ठरत नाही. काळ्या मातीतली चिकणमाती पोटॅश धरून ठेवते, एवढाच त्याचा अर्थ.

पांढरा गोल दाणा म्हणजे ल्युसाइट

सर्वांत जास्त घोटाळा याच्यात होतो. ल्युसाइट म्हणजे पोटॅशवाल्या लाव्ह्यात थिजणारे खनिज, पांढरट आणि चोवीस पैलूंचे. आपल्याकडच्या पोकळ्यांत बसणारा सोडियमवाला ॲनल्साइमही पांढरा, चोवीस पैलूंचा. भिंगाखाली दोघे जुळे भाऊ. मग ओळखायचे कसे? दाणा कुठे बसलाय ते आधी बघा. पोकळीच्या भिंतीला चिकटून आत तोंड करून उभा असेल, तर ॲनल्साइम किंवा त्याच्या गोतावळ्यातले काही. ल्युसाइट खडकाच्या अंगातच रुतलेला असतो, लाव्ह्यातून थिजलेला. व्हेसुव्हियसच्या लाव्ह्यात तो असाच दिसतो. तरी शंका राहिली तर पातळ काप करून ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली, आडव्या-उभ्या दोन ध्रुवकांमध्ये घाला. ल्युसाइटवर एकमेकांना छेदणाऱ्या पुसट करड्या रेघा दिसतात, कारण तापलेला असताना त्याची रचना घनाकृती असते आणि थंड होताना ती बदलते. ॲनल्साइम जवळजवळ काळाच राहतो.

उलटीही चूक होते. जुन्या खडकात ल्युसाइट टिकत नाही. सोडियम शिरून त्याचा ॲनल्साइम होतो, किंवा नेफेलिन आणि फेल्डस्पारचे मिश्रण उरते, आकार मात्र ल्युसाइटचाच. तेव्हा खडकाच्या अंगात रुतलेला ॲनल्साइम दिसला तर लगेच नाही म्हणू नका.

आणि खरा ल्युसाइट सापडलाच, तरी तो खोलीचा पुरावा नव्हे. जास्त दाबाखाली तो टिकतच नाही. मॅग्मा वर आल्यावर, दाब उतरल्यावर तो जमतो. खोलीची साक्ष द्यायला पोटॅश-रिक्टराइट हे पोटॅशवाले खनिज, फ्लोगोपाइट आणि वाटेत उचललेले पाहुणे लागतात. पाहुणे म्हणजे लाल-जांभळा पायरोप गार्नेट, गर्द हिरवा क्रोम-डायोप्साइड आणि नशीब असेल तर हिरा. हिरा या मॅग्मात बनत नाही, मॅग्मा फक्त त्याची वाहतूक करतो. ऑस्ट्रेलियातल्या आर्गाइलच्या लॅम्प्रोइटने, म्हणजे खोलातून आलेल्या पोटॅशवाल्या ज्वालामुखी खडकाने, गुलाबी हिरे वर आणले. ती खाण 2020 मध्ये बंद झाली.

नमुना आहे तसा लॅबला पाठवणे

ही चूक माझी. विहिरीच्या खोदकामातला एक दगड पाठवला, आणि अहवालात पोटॅश नेहमीच्या बेसाल्टपेक्षा बराच जास्त आला. दोन दिवस मी हवेत होतो. मग उरलेला तुकडा धुऊन पाहिला, तर प्रत्येक बारीक पोकळीला हिरवा लेप: सेलाडोनाइट. त्याच्या वजनात आठ-दहा टक्के पोटॅशच असतो. खडकाऐवजी मी लेप मोजून घेतला होता.

तेव्हापासून वरचा कुजका, तांबूस थर फोडून काढतो, नमुना सुपारीएवढा बारीक करतो आणि पांढरे-हिरवे मणी असलेले तुकडे चिमट्याने बाजूला टाकतो. अहवालात पोटॅशच्या आधी "तापवल्यावर घटलेले वजन" बघतो. ते जास्त असेल तर दगड कुजलेला आहे, पुढचे आकडे वाचण्यात वेळ घालवू नये. लॅम्प्रोइट म्हणायचे तर रेणूंच्या हिशोबात पोटॅश सोड्याच्या (Na₂O) तिपटीहून जास्त हवा. वय काढायचे असेल तर कुजलेले अभ्रक मुळीच देऊ नका. त्यातून अर्गॉन निसटतो आणि वय कमी येते. खोलातून आलेल्या अभ्रकात जुना अर्गॉन अडकलेला असेल, तर उलट जास्त.

नंदुरबार-धुळ्याच्या भिंती

साक्री-नंदुरबारकडे शेताशेतांतून काळ्या भिंती उभ्या दिसतात. असे दोनशेहून अधिक मोठे डाइक, म्हणजे भेगांत थिजलेल्या मॅग्माच्या भिंती, नोंदलेले आहेत. कोणी तरी "लॅम्प्रोफायर" (अभ्रकासारख्या खनिजांचे ठळक दाणे असलेला डाइकचा खडक) हा शब्द वाचून येतो आणि प्रत्येक डाइकला तेच नाव देतो. यातले बहुतेक साधे, कमी पोटॅशचे, बेसाल्टच्याच जातीचे. लॅम्प्रोफायर आणि लॅम्प्रोइट हेही एक नव्हेत, नावे तेवढी सारखी.

खरे बघायचे असेल तर नर्मदा ओलांडून छोटा उदेपूरकडे जा. अंबाडुंगरला डेक्कनच्याच काळातला कार्बोनेटाइट, म्हणजे मॅग्मातून थिजलेला कार्बोनेटचा खडक आहे, आणि त्या पट्ट्यात अल्कधर्मी (सोडा-पोटॅश जास्त असलेले) खडक हाताने चाचपता येतात. कोकणात मुरूड-जंजिऱ्याच्या लॅम्प्रोफायर डाइकमध्ये प्रावरणाचे तुकडे अडकलेले आहेत. छत्तीसगडमध्ये मैनपूरजवळ कोडोमालीला फ्लोगोपाइटने भरलेला ऑरेंजाइट, हाही खोलातून आलेला पोटॅशवाला खडक, आहे, वय डेक्कनच्या आसपासचे. जामनेरच्या त्या पोराला मी खऱ्या फ्लोगोपाइटचा एक पापुद्रा नेऊन दिला. दिवसभर तो वाकवत आणि सोडत बसला होता.