ज्युनिअर्ससाठी: जनरल पॅथो पाठ करू नका, एका गाईच्या मागे मागे जा

परीक्षा महिन्यावर आली की व्हेटर्नरीच्या ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात, दादा पॅथोच्या (पॅथॉलॉजी, आजारात शरीरात काय बदल होतात त्याचा विषय) नोट्स पाठवा, डेफिनेशन लक्षात राहत नाहीयेत, इन्फ्लमेशन वाचलं की सर्क्युलेशन विसरतो. मला हे अगदी समजतं कारण मीही पहिले दोन-तीन महिने तसंच घोकलं होतं. पण आता रोज गोठ्यात उभं राहून काम करतोय तेव्हा कळतं की अख्ख्या कोर्समध्ये रोजच्या रोज वापरला जाणारा विषय हाच आहे. म्हणून एकदा नीट लिहितो, जरा लांबेल.

अडचण सगळ्यात जास्त कुठे होते माहितीये का, पुस्तकात चॅप्टर वेगळे असतात. सेल इंज्युरी, सर्क्युलेटरी डिस्टर्बन्स, इन्फ्लमेशन, ग्रोथ डिस्टर्बन्स, मग ट्यूमर. आपण एकेक संपवत जातो. जनावराच्या अंगात मात्र हे सगळं एकाच वेळी, एकातून एक होत असतं. तेव्हा चॅप्टर हातात घ्यायच्या आधी एक जनावर घ्या आणि त्याच्या मागे शेवटपर्यंत जा.

माझं आवडतं जनावर म्हणजे तार लागलेली गाय. गाय ओठांनी निवडून खात नाही, जिभेनं वैरणीचा गुंडाळा ओढते आणि अर्धवट चावून गिळते, त्यामुळे कुट्टीत आलेला तारेचा तुकडा तिला कळतच नाही. तार जड, ती जाऊन जाळीपोटात पडते. जाळीपोट सारखं आकुंचन पावत असतं, त्यात गाय गाभण असेल किंवा विताना जोर करत असेल तर मागून अजून दाब येतो, आणि तार पुढच्या भिंतीतून आरपार. पुढे काय आहे? डायफ्रॅम, आणि त्याच्या पलीकडे काही सेंटिमीटरवर हृदय. तार एकटी जात नाही, पोटातले बॅक्टेरिया सोबत घेऊन जाते. इथून पुढे प्रत्येक टप्प्यावर दोनच प्रश्न विचारायचे, हे कशामुळे झालं आणि आता पुढे काय होणार.

पेरिकार्डियमला (हृदयाभोवतीच्या पिशवीला) इजा झाली, जंतू आले, तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावल्या, त्यांच्या भिंती गळायला लागल्या. आधी पाणी आणि अल्ब्युमिन बाहेर येतं, गळती वाढली की फायब्रिनोजेनसारखे मोठे प्रोटीनपण येतात आणि बाहेर येऊन त्याचं फायब्रिन, म्हणजे चिकट धागे, बनतं. म्हणून पोस्टमॉर्टेमला पेरिकार्डियम उघडलं की दोन्ही पृष्ठभागांवर पिवळट, खरबरीत, झालरीसारखा थर दिसतो. लोणी लावलेले ब्रेडचे दोन स्लाइस चिकटवून परत ओढले तर लोणी जसं कोंबांसारखं उभं राहतं अगदी तसंच, त्याला ब्रेड अँड बटर हार्ट म्हणतात. मग न्युट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) येतात, पू होतो, घाण वासाचं पाणी साचतं.

आता हृदयाला फुगायला जागाच नाही. शरीरातून परत येणारं रक्त आत शिरेना, ते मागे तुंबतं. मानेतली जुगुलर शीर दोरीसारखी ठसठशीत उभी राहते. केशवाहिन्यांमधला दाब वाढला की पाणी बाहेर झिरपतं, म्हणून गळ्याखालच्या पोळीला आणि जबड्याखाली सूज, बोट दाबलं की खड्डा राहतो. ही सूज गरम नसते, दुखत नाही. पेरिकार्डियममधलं पाणी एक्झुडेट आहे, प्रोटीन आणि पेशींनी भरलेलं, आणि पोळीतलं पाणी ट्रान्सुडेट, नितळ, जवळजवळ प्रोटीन नसलेलं. एकाच गाईत, एकाच तारेमुळे, दोन वेगळ्या यंत्रणांनी आलेलं पाणी. हे असं एकदा समजलं की फरकाचा तक्ता पाठ करावा लागत नाही.

अजून थोडं मागे चला, लिव्हरमध्ये. तिथे रक्त तुंबलं की सगळ्यात आधी लोब्यूलच्या (लिव्हर ज्या बारीक कप्प्यांनी बनतं त्यातल्या प्रत्येकाच्या) मध्यभागाला फटका बसतो, कारण मध्ये सेंट्रल व्हेन आहे, तुंबण्याचा दाब तिथेच पहिला येतो आणि ऑक्सिजन असलेलं ताजं रक्त तिथे सगळ्यात शेवटी पोचतं. मधल्या पेशी मरतात, जागा लाल-काळी होते, कडेच्या पेशी जगतात पण त्यांच्यात चरबी साठून त्या फिकट पिवळ्या दिसतात. कापल्यावर फिकट-गडद नक्षी, घरातलं जायफळ मधोमध कापून बघा, तीच. नटमेग लिव्हर. म्हणजे हायपॉक्सिया (ऑक्सिजन कमी पडणं), फॅटी चेंज, नेक्रोसिस (पेशी मरणं), पॅसिव्ह कन्जेशन (रक्त तुंबणं), इडिमा (पाणी साचून सूज), फायब्रिनस इन्फ्लमेशन, पस, आणि गाय महिनाभर जगली तर फायब्रोसिससुद्धा, हे सगळं एका पानावर बाण काढत काढत येतं. असं पान स्वतःच्या हातानं काढा, दुसऱ्याच्या पानाचा फोटो मारून काही उपयोग नाही, बाण काढताना जिथे पेन अडतं तिथेच पुस्तक उघडायचं असतं.

इन्फ्लमेशनसाठी मात्र दुसरं जनावर घ्या, दगडी (मॅस्टायटिस, कासेची सूज) झालेली म्हैस किंवा गाय. लाल होणं, सुजणं, गरम लागणं, दुखणं ही चार लक्षणं सेल्ससनं पहिल्या शतकात लिहून ठेवलीत, पाचवं म्हणजे काम बंद पडणं नंतर जोडलं गेलं. पाचही लक्षणं कासेवर मिळतात, आणि हात लावून मिळतात. चांगल्या सडाच्या बाजूला एक तळहात आणि दगडी झालेल्या बाजूला दुसरा ठेवा, गरमपणाचा फरक लगेच कळतो, जनावर पाय झाडतं ते दुखणं, दूध आटलं ते पाचवं.

मग सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) करून बघा. चार वाट्यांच्या पॅडलमध्ये चारही सडांचं थोडं थोडं दूध, तेवढंच रीएजंट, आणि पॅडल आडवं धरून हळू गोल फिरवायचं. तीन वाट्या पातळ राहतात आणि एकीत दूध घट्ट होतं, मध्ये जेलीसारखा गोळा जमतो. तो गोळा म्हणजे डीएनए आहे. रीएजंट मुळात डिटर्जंट, त्यानं पेशी फुटतात आणि आतला डीएनए चिकट होतो. निरोगी सडाच्या दुधात सोमॅटिक सेल (दुधात येणाऱ्या शरीराच्या पेशी) साधारण मिलीला २ लाखाच्या खाली असतात, दगडी झाली की रक्तातून न्युट्रोफिलचे लोंढे येतात. मार्जिनेशन, रोलिंग, अ‍ॅडहीजन, एमिग्रेशन, केमोटॅक्सिस असे (रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडत जंतूंकडे जाण्याचे) जे शब्द तुम्ही घोकताय त्याच रस्त्यानं ते आले. मी पहिल्यांदा ते पॅडल फिरवलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता, की पुस्तकातला न्युट्रोफिल इथे माझ्या हातात आहे.

एक लक्षात ठेवा, माणसांचं पॅथो वाचून आपलं भागत नाही, स्पीशीज बदलली की चित्र बदलतं. कोंबडीत न्युट्रोफिलऐवजी हेटरोफिल असतात, त्यांच्यात पू पातळ करणारं सामान कमी, म्हणून कोंबडीचा पू वाहत नाही, पनीरसारखा घट्ट गोळा निघतो. गाईगुरांत फायब्रिन भरपूर सुटतं. परीक्षेत हे असं एक वाक्य उत्तरात आलं की वाचलेलं आणि समजलेलं यातला फरक दिसतो.

आता पीएम (पोस्टमॉर्टेम) हॉल. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे बघायच्या आधी नाव देणं. मी स्वतः केलीये. एका व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) हृदयात गाठ दिसली आणि मी लगेच थ्रॉम्बस (जिवंतपणी झालेली रक्ताची गुठळी) म्हणालो. परीक्षक काही बोलले नाहीत, फोरसेप हातात दिला, उचल म्हणाले. उचलली तर अख्खी गुठळी सुळकन बाहेर आली, चकचकीत, ओलसर, रबरासारखी, वरचा भाग कोंबडीच्या चरबीसारखा पिवळा आणि खालचा जांभळट लाल. कुठेच चिकटलेली नव्हती. ती मेल्यानंतरची गुठळी होती. थ्रॉम्बस कोरडा, निस्तेज, खरबरीत, भिंतीला चिकटलेला असतो आणि ओढला की खालची जागा खरवडल्यासारखी दिसते. त्या दिवसापासून मी आधी वर्णन आणि मग नाव ही सवय लावली. जागा, किती, आकारमान सेंटिमीटरमध्ये, आकार, रंग, हाताला कसं लागतं, कापल्यावर आत काय. लिंबाएवढं, बोराएवढं लिहू नका, खिशात छोटी पट्टी ठेवा.

मेल्यानंतरचे बदल आपल्याकडे फार महत्त्वाचे, कारण एप्रिल-मेच्या उन्हात मराठवाड्यात किंवा विदर्भात जनावर मेलं की काही तासांत टम्म फुगतं. शेतकरी सांगतो पोट फुगून मेलं, आणि दिसतंही तसंच. मग ओळखायचं कसं? अन्ननलिका पूर्ण लांबीत उघडा. जिवंतपणी पोट फुगलं असेल तर छातीच्या आतल्या दाबानं तिथलं रक्त दाबून बाहेर गेलेलं असतं, म्हणून मानेतला भाग गडद लाल आणि छातीतला भाग फिकट, आणि छातीच्या तोंडाशी दोन्हीमध्ये स्पष्ट रेघ. तिला ब्लोट लाइन म्हणतात. तसंच आतड्याला टेकलेला लिव्हरचा भाग हिरवट-काळा दिसला तर घाबरू नका, कुजताना तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड रक्तातल्या लोहाशी मिळून तो रंग येतो, आजार नाही तो.

आणि हे मात्र ठळक अक्षरात वाचा. जनावर अचानक मेलंय, नाकातून किंवा गुदद्वारातून डांबरासारखं काळं, न गोठणारं रक्त येतंय, अंग नीट ताठरलं नाहीये, तर सुरी लावायची नाही. आधी कानाच्या शिरेतून रक्ताची स्मिअर (काचेवर पसरलेला पातळ थर), पॉलिक्रोम मिथिलीन ब्लूनं रंगवून बघायची. काळपुळी (अँथ्रॅक्स) असेल तर शव उघडल्यावर हवेशी संबंध येऊन जंतूंचे स्पोअर (टणक कवचाची बीजं) बनतात आणि ते त्या मातीत कित्येक वर्षं टिकतात, शिवाय तुमच्या स्वतःच्या जिवाला धोका. कुणी कितीही घाई करो, विम्याचा कागद अडलेला असो, स्मिअर आधी.

स्लाइडचं थोडक्यात सांगतो. स्लाइड आधी उजेडाकडे धरून नुसत्या डोळ्यांनी बघा, मग मायक्रोस्कोपखाली ४ एक्स, मग १०, मग ४०. थेट ४० वर जाणाऱ्याला अवयवसुद्धा ओळखू येत नाही. अवयव कुठला, नॉर्मल काय, मग वेगळं काय, हा क्रम. नेक्रोसिस शोधताना न्यूक्लियसकडे बघा, आकसून काळा झालेला, तुकडे झालेला, की विरघळून गेलेला. चित्र हातानं काढा, गुलाबी आणि जांभळी पेन्सिल पुरते. आणि टिश्यू लॅबला पाठवताना १० टक्के फॉर्मलिन टिश्यूच्या दहापट घ्या, तुकडा अर्धा सेंटिमीटरच्या आसपास जाड ठेवा, मोठा गोळा टाकला तर बाहेरून टणक आणि आतून सडका होतो.

संधी मिळेल तेव्हा मीट इन्स्पेक्शन करणाऱ्या डॉक्टरांबरोबर कत्तलखान्यात एक सकाळ घालवा. म्हशी, शेळ्या, मेंढ्यांचे बाद केलेले अवयव एका सकाळीत इतके दिसतात की कॉलेजच्या बरण्यांमध्ये तेवढे नाहीत, आणि बरणीतला रंग तर फॉर्मलिननं गेलेलाच असतो. हायडॅटिड सिस्ट (पट्टकृमीच्या अळीची पिशवी) फुप्फुसात पाण्यानं तट्ट भरलेली, लिव्हर फ्लूकनं जाड झालेल्या पित्तनलिका, टीबीची कॅल्शियम साचलेली लिम्फ नोड सुरीखाली वाळू कापल्यासारखी कचकचते, तो आवाज एकदा ऐकला की ग्रॅन्युलोमाचा (जुनाट इन्फ्लमेशनमध्ये पेशींची जी गाठ बनते तिचा) शेवट काय असतो हे आयुष्यभर लक्षात राहतं.

शेवटची एक प्रॅक्टिस, रोज रात्री दहा मिनिटं, रूममेटला शेतकरी करा. दिवसभरात जे वाचलं ते त्याला एकही पुस्तकी शब्द न वापरता सांगायचं. इंटर्नशिपला हे करावंच लागतं, कारण गाय मेली की माणूस एकच विचारतो, डॉक्टर, कशानं गेली ओ? तेव्हा पेरिकार्डायटिस म्हणून चालत नाही. सांगायचं असं, मामा, वैरणीतनं ही तार पोटात गेली, पोटातनं काळजाला टोचली, काळजाभोवती पू झाला, त्याला हलायला जागा उरली नाही म्हणून रक्त मागे तुंबलं, तीच पोळीची सूज तुम्ही बघत होता, आता कुट्टी मशीनच्या तोंडाशी एक लोहचुंबक बसवा आणि बाकीच्या दोन गाई उद्या तपासून घेऊ.