शाळा व्यवस्थापन समितीत पहिल्यांदाच आलात? एका नाशिककर आईचा अनुभव

नाशिक महापालिकेच्या शाळेत तुमचं मूल शिकतंय आणि पालकसभेत तुमचं नाव शाळा व्यवस्थापन समितीत आलंय, तर सगळ्यात आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. शाळेच्या कारभारात पालकाला मत असलेली ही एकच जागा आहे. हिच्या वर प्रभाग समिती आहे, स्थायी समिती आहे, राजीव गांधी भवनातली, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयातली, महासभा आहे. तिथे आपण एकतर अर्जदार असतो, नाहीतर प्रेक्षक. इथे मात्र हात वर करून ठराव करता येतो आणि त्या ठरावाला कायद्याचा आधार असतो. मी सातपूर भागातल्या एका शाळेत आधी सदस्य आणि नंतर अध्यक्ष म्हणून काम केलं. तेव्हा हे सगळं समजावून सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून नव्या पालकांसाठी लिहितेय.

कायदा थोडक्यात सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी, महापालिका-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत ही समिती असायलाच हवी. किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या राज्यात समिती १२ ते १६ जणांची असते. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा, मुख्याध्यापक सदस्य सचिव. उरलेल्या पाव हिश्श्यात लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि शिक्षणतज्ज्ञ येतात. मुदत दोन वर्षांची. महिन्यातून एकदा तरी बैठक व्हायला हवी. सगळं पाठ करायची गरज नाही, पण ‘अध्यक्ष पालकच’ आणि ‘महिन्याला बैठक’ एवढं तोंडपाठ असू द्या.

जुन्या नाशिककरांना शिक्षण मंडळ आठवत असेल. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याखाली महापालिकांची स्वतंत्र शिक्षण मंडळं होती. २०१३ मध्ये राज्य सरकारने ती बंद करायचा निर्णय घेतला आणि कारभार महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे गेला. पुढे मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि बराच काळ प्रशासकीय राजवट राहिली. सभागृहात आपला प्रश्न मांडायला निवडून आलेला माणूसच नव्हता, तरी शाळेतली समिती चालू होती. कारण ती नगरसेवकांच्या निवडणुकीवर अवलंबून नाही, पालकांवर आहे. ही फार मोलाची गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच सह्यांपुरती चालणारी समिती पाहिली की जीव तुटतो.

आता बैठकीबद्दल. नवीन सदस्याला वाटतं, बैठकीत बोललं म्हणजे काम झालं. तसं नसतं. बैठकीत बोललेल्या गोष्टींपैकी जे इतिवृत्ताच्या वहीत उतरतं तेवढंच पुढे जातं. बऱ्याच शाळांत पद्धत अशी पडलेली असते की आल्या आल्या वही फिरते, सगळे सह्या करतात, मग चहा, मग बोलणं, आणि इतिवृत्त नंतर सवडीने लिहिलं जातं. आमच्याकडेही “ताई, तुम्ही सह्या करून टाका, मी घेते लिहून” असंच चालायचं. असं म्हणणाऱ्या मुख्याध्यापिका मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्या मागे ऑनलाइन माहित्या, पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज असा ढीग असायचा. मी एवढंच म्हटलं, “मॅडम, हजेरीची सही आत्ता करतो, ठरावाखालची सही वाचून झाल्यावर करतो. लिहायला मी बसते तुमच्यासोबत.” त्यांनाही ते सोयीचं पडलं. तुमचं अक्षर बरं असेल तर हे काम मागून घ्या. समितीत याहून उपयोगी काम दुसरं नाही.

लिहायचं कसं, हे एका उदाहरणावरून सांगते. मुलींच्या स्वच्छतागृहात दुपारच्या सत्रात पाणी नसायचं. वहीत आधीच्या काही बैठकांत ‘पाण्याच्या अडचणीबाबत चर्चा करण्यात आली’ असं वाक्य होतं. तेच वाक्य, तारीख तेवढी वेगळी. समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही असतात, बहुतेक वेळा त्यांना कुणी काही विचारत नाही. सातवीतल्या एका मुलीला आम्ही विचारलं तेव्हा ती खाली बघत म्हणाली, “आम्ही शाळेत पाणी पीतच नाही. मग जावं लागत नाही.” खोली गप्प झाली. त्यानंतर वहीत जे लिहिलं ते असं होतं: दुपारच्या सत्रात मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी पोहोचत नाही, सकाळच्या सत्रात टाकी रिकामी होते. दोन्ही सत्रांच्या मध्ये मोटार चालू करण्याची जबाबदारी अमुक यांची. गळणारा कॉक संयुक्त शाळा अनुदानातून बदलावा. वेगळ्या टाकीची मागणी विभागीय कार्यालयाकडे लेखी पाठवावी. पुढील बैठकीत आढावा. खाली सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन आयांची नावं. कॉक लगेच बदलला. टाकीला वेळ लागला, पण मागणीला जावक क्रमांक, म्हणजे शाळेतून गेलेल्या पत्राचा नोंद क्रमांक, पडला होता, त्यामुळे पाठपुरावा करताना कुणाच्या आठवणीवर विसंबावं लागलं नाही.

म्हणजे प्रत्येक ठरावात काय करायचं, कुणी करायचं, कधीपर्यंत आणि पैसे कुठून, हे चारही यायला हवं. विषयपत्रिकेवर पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ असा छापील असतो. तो घाईने उरकू देऊ नका. मागच्या वेळी ठरलेलं झालं की नाही, हे विचारायची तीच जागा असते. आणि तुमचा विषय शेवटच्या ‘ऐनवेळचे विषय’ मध्ये टाकू नका, तोवर निम्मे लोक उठलेले असतात. बैठकीच्या आठवडाभर आधी दोन ओळींची चिठ्ठी मुख्याध्यापकांना द्या आणि विषयपत्रिकेत घ्यायला सांगा.

पैशाविषयी विचारायला बायका कचरतात, मीही कचरायचे. विचारा. निधीच्या वापरावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम कायद्यातच लिहिलेलं आहे. समग्र शिक्षा योजनेतून येणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. निकषांप्रमाणे १०० च्या वर ते २५० पटाला ५० हजार, त्यापुढे १,००० पर्यंत ७५ हजार, १,००० च्या वर १ लाख, आणि यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च व्हायला हवा. मोठ्या शाळेला ही रक्कम तुटपुंजी आहे, हे मान्य. खडू, वीज, किरकोळ दुरुस्ती यातच बरंचसं जातं. म्हणून तर ती कुठे गेली हे सगळ्यांना दिसायला हवं. कॅशबुक आणि पावत्या बैठकीत टेबलावर ठेवायला सांगा, सौम्य शब्दांत, दर वेळी. संशय म्हणून नाही, रीत म्हणून. एकदा रीत पडली की मुख्याध्यापकांनाही त्याचा आधार वाटतो, उद्या कुणी बोट दाखवलं तर समिती त्यांच्यासोबत उभी राहते.

पोषण आहाराचंही तसंच. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आणि ४५० उष्मांक, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम आणि ७०० उष्मांक असं प्रमाण ठरलेलं आहे. चव नोंदवायची वही असते. अधूनमधून न कळवता जा, मुलांच्या पंगतीला बसा, चव घ्या आणि वहीत खरं ते लिहा. खिचडी चांगली असेल तर तेही लिहा, शिजवणाऱ्या ताईंना ते वाचायला मिळायला हवं.

आता बैठकीची वेळ. मला विचाराल तर शासन निर्णयांपेक्षा जास्त फरक यानेच पडतो. सकाळी अकराची बैठक म्हणजे पहिल्या पाळीतला बाप सातपूर-अंबडच्या कंपनीत आणि घरकाम करणारी आई दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. मग येतात ते ठरावीक चार जण. आम्ही शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बैठक ठेवायला लागलो आणि रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्या भरायला लागल्या. बायका आल्या तरी दाराजवळ बसतात आणि बोलणं शेजारणीच्या कानात होतं. अध्यक्ष झाल्यावर मी बसायला गोल करायला लावला आणि प्रत्येक विषयावर आधी आयांना विचारायचं ठरवलं. “मला काय कळतं” म्हणणाऱ्या एका ताईंनी रस्त्याकडच्या फाटकाबद्दल जे सांगितलं, ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलेलं नव्हतं. शाळा सुटताना त्या रोज तिथे भाजी विकायला बसत, सगळं बघत.

जिल्ह्यात दिंडोरी, निफाडकडे हीच अडचण वेगळ्या रूपात येते. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची माणसं बागांवर कामाला येतात, आणि त्यांच्या गावातल्या समित्या नेमक्या तेव्हाच ओस पडतात. तिथल्या मंडळींनी महत्त्वाचे ठराव दिवाळीआधीच उरकावेत. गावात एक जोड मात्र आपल्यापेक्षा चांगली आहे, ती म्हणजे ग्रामसभा. शाळेचा विषय तिथे उभं राहून मांडता येतो. शहरासाठी महापालिका कायद्याच्या २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची, म्हणजे ग्रामसभेसारखी आपल्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आली, पण मला आमच्या भागात तशी सभा भरलेली कधी दिसली नाही. ती भरावी यासाठी पालकांनी मागणी करत राहायला हवं.

वर्षाच्या वेळापत्रकात एक तारीख सगळ्यात महत्त्वाची, डिसेंबरअखेर. शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात प्रत्येक वर्षाचा वेगळा भाग असतो, आणि आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी तो तयार व्हावा असं नियमात आहे. महापालिकेचं अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत मांडलं जातं. म्हणजे वर्गखोली, संरक्षक भिंत, रॅम्प, टाकी असलं मोठं काम हवं असेल तर ते डिसेंबरच्या आराखड्यात यायला हवं, मार्चमध्ये आरडाओरडा करून काही हाती लागत नाही. आराखडा करताना शाळेची यू-डायस माहिती, म्हणजे प्रत्येक शाळा दरवर्षी सरकारकडे भरते ती माहिती, समोर घ्या. प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक असतो, आपल्या राज्याचे २७ ने सुरू होतात. त्यात शाळेने शौचालयं, पाणी, ग्रंथालय याबद्दल काय भरलंय ते बघा आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहा. शिक्षकांची संख्याही: पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक, सहावी ते आठवी ३५ मागे एक.

ठराव शाळेत सुटला नाही तर वर जायचं, पण क्रमाने. आधी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, मग शिक्षण विभाग, सोबत विभागीय कार्यालय. आपल्याकडे सहा आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिक रोड, सिडको आणि सातपूर. अर्ज आवक-जावकला द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. कलम ३२ खाली लेखी तक्रार केली तर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर समाधान झालं नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. कागद बघायचे असतील तर प्रत्येक वेळी माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज करायची गरज नसते. २०१८ च्या शासन निर्णयाने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात महापालिकेसारख्या कार्यालयांत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. महासभा बघायला जरूर जा, प्रेक्षक म्हणून बसता येतं. तिथे आपल्याला बोलता येत नाही, म्हणून नगरसेवकाला आधी ठरावाची प्रत द्या. तोंडी गाऱ्हाण्यापेक्षा सह्यांचा ठराव हातात असला की त्यालाही सभागृहात बोलणं सोपं जातं.

खासगी विनाअनुदानित शाळेतल्या पालकांना ही समिती नाही. त्यांच्यासाठी २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती आहे. इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून प्रतिनिधी निवडायचे, आणि फी वाढीचा प्रस्ताव त्यांच्यासमोर ठेवायचा. जूनमध्ये इच्छुकांच्या यादीत नाव द्यायला विसरू नका. आणि मविप्रसारख्या (मराठा विद्या प्रसारक समाज) मोठ्या शिक्षण संस्थांच्या निवडणुका नाशिकमध्ये गाजतात खऱ्या, पण तिथे मत सभासदाला असतं, पालकाला नाही. अशा संस्थेच्या अनुदानित शाळेत मूल असेल तर तुमची जागा शाळा व्यवस्थापन समितीच.

समितीची दोन वर्षं संपत आली की शेवटच्या दोन बैठकांत अपुऱ्या ठरावांची यादी करा: ठरावाची तारीख, जावक क्रमांक, कुठल्या टेबलावर अडलंय, कुणाशी बोलणं झालं. ती नव्या समितीच्या पहिल्या विषयपत्रिकेला जोडायला सांगा. आणि तुम्ही नव्याने आला असाल, तर अशी यादी आहे का हे पहिल्याच बैठकीत विचारा. नसेल तर मागच्या दोन वर्षांची वही मागा आणि तिथेच बसून वाचून काढा.