जुन्या ब्रिटिश तोफगोळ्यांवरील ठसे वाचताना
पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश 18 पाउंडर तोफेचे रिकामे पितळी कवच हाती आले, तर ते उलटे करून बुडावरील, प्रायमरभोवतीची (आतली दारू पेटवणाऱ्या टोपीभोवतीची) अक्षरे पाहावीत. तिथे तोफेचा प्रकार, रोमन अंकातील आवृत्ती, सरकारी मालकीचा रुंद बाण आणि उत्पादकाची आद्याक्षरे आढळतात. ‘आरएल’ म्हणजे वूलिचची रॉयल लॅबोरेटरी, ‘ईओसी’ म्हणजे एल्सविक ऑर्डनन्स कंपनी. ‘सीएफ’ हे मात्र उत्पादकाचे नाव नव्हे, ते कॉर्डाइटच्या, म्हणजे गोळा डागणाऱ्या दारूच्या, पूर्ण भाराचे चिन्ह आहे, आणि नवखा संग्राहक नेमका इथेच फसतो. पुसट ठशावर तारेचा ब्रश कधीही फिरवू नये. बॅटरीचा प्रकाश तिरपा टाकला की झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. कवचाच्या तोंडाशी गोळा बसलेला असल्यास त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे.