इंग्लंडमधला पूर्वज शोधताना आधी १८५१ची जनगणना

आडनावाच्या अर्थापासून सुरुवात करू नका. स्मिथ म्हणजे लोहार हे कळलं, तरी कुठल्या गावचा लोहार ते कळत नाही. हे आडनाव इंग्लंडभर ठिकठिकाणी स्वतंत्रपणे पडलं. आधी १८५१ची जनगणना उघडा. १८४१च्या जनगणनेत जन्म त्याच काउंटीतला की नाही, एवढंच विचारलेलं, आणि १५ वर्षांवरच्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणलेली. १८५१पासून मात्र जन्मगाव लिहिलेलं असतं. ते मिळालं की त्या गावच्या चर्चच्या नोंदवह्या पाहा: बाप्तिस्मा, विवाह, दफन. जन्म १ जुलै १८३७ नंतरचा असेल, तर सरकारी जन्मनोंदणीच्या ऑनलाइन सूचीत बहुधा आईचं माहेरचं आडनावही सापडतं. हा धागा फार मोलाचा. स्पेलिंग वेगळं दिसलं म्हणून नोंद सोडू नका. कारकून कानावर पडेल तसं लिहीत.