फ्री जॅझ जमवताना आणि दुसऱ्याला ऐकवताना: या चुका टाळा

नाशिकच्या पंचवटीत राहणारा माझा एक मित्र पखवाज वाजवतो. भजनाला, कीर्तनाला साथ करतो, कान तयार आहे. काही वर्षांपूर्वी मी मोठ्या उत्साहाने त्याला पेनड्राइव्हवर जर्मन सॅक्सोफोनवादक पीटर ब्रॉट्झमनची 'मशीन गन' भरून दिली. ही फ्री जॅझची रेकॉर्ड, म्हणजे ठरलेल्या तालाचं बंधन न मानणारं जॅझ. १९६८च्या मे महिन्यात जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये झालेलं हे ध्वनिमुद्रण. तीन टेनर सॅक्सोफोन, दोन बास, दोन ड्रमवादक आणि पियानो, आणि पहिल्या सेकंदापासून सगळे एकदम अंगावर येतात. मला ही रेकॉर्ड फार प्रिय आहे. दोन दिवसांनी तो पेनड्राइव्ह परत घेऊन आला. म्हणाला, "दादा, सगळं ऐकलं. पण सम कुठे येतच नाही. मी आपला मांडीवर हात ठेवून वाट बघत बसलो."

सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, तिची वाट बघण्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. मी त्याला देताना सांगितलं होतं, "हे आपल्या आलापीसारखंच असतं, सगळं जागच्या जागी सुचलेलं." फ्री जॅझची शिफारस करणारे आपण सगळे हे वाक्य सर्रास वापरतो आणि घात इथेच होतो. ज्या गावात गायक दत्तात्रय विष्णु पलुस्करांचा जन्म झाला, ज्या पंचवटीत त्यांचे वडील विष्णु दिगंबर यांनी आश्रम थाटला, तिथल्या ऐकणाऱ्याला आलापी म्हटलं की राग ऐकू यायला लागतो. वादी-संवादी म्हणजे रागातले मुख्य सूर, न्यासाच्या म्हणजे थांबायच्या जागा, मग ताल, आवर्तन आणि सम. हा करार गाणारा आणि ऐकणारा दोघांनाही आधीपासून माहीत असतो. फ्री जॅझमध्ये तो करार नसतो. तो वाजवता वाजवता होतो, कधी कधी मोडतोही. म्हणून नवख्या माणसाला सुरुवातीलाच सांगून टाकावं: सम येणार नाही, तिची वाट बघू नकोस. वाजवणारा श्वास कुठे घेतो ते बघ, आणि तो थांबला की बाकीचे काय करतात ते बघ.

उलट टोकाला जाऊन "यात काहीच ठरलेलं नसतं" असं सांगणंही चूकच. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 'फ्री जॅझ' याच नावाच्या रेकॉर्डमध्ये प्रत्येकाच्या एकल वादनाआधी सगळे मिळून एक छोटा, आधी बसवलेला तुकडा वाजवतात. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'असेन्शन'मध्ये अकरा जणांचा सामूहिक कल्लोळ आणि एकेकट्याचं वादन असा पाळीपाळीचा सांगाडा आहे. ऐकणाऱ्याला एवढा खांब दाखवून दिला तरी तो अर्ध्यातून उठत नाही.

माणूस बघून रेकॉर्ड द्या

आपल्याला सगळ्यात जास्त आवडणारी रेकॉर्ड पहिल्यांदा द्यायची नाही, हे मला उशिरा समजलं. समोरचा आयुष्यभर काय ऐकत आलाय ते आधी विचारावं. तालवाद्य वाजवणाऱ्याला कोल्ट्रेनची 'इंटरस्टेलर स्पेस' द्यावी, कारण तिथे फक्त दोघेच आहेत, सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन आणि ड्रमवर रशीद अली. त्यातलाही 'व्हीनस' हा साडेआठ मिनिटांचा तुकडा आधी. अली तिथे काठ्या बाजूला ठेवून ब्रश वापरतो, त्यामुळे कातड्यावरची प्रत्येक हालचाल मोकळी ऐकू येते. गाणाऱ्या माणसाला सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलरची 'स्पिरिच्युअल युनिटी' द्यावी. १९६४ची, तिघांची, अर्ध्या तासाच्या आसपासची. त्यातल्या 'घोस्ट्स'ची चाल इतकी सोपी आहे की पोरं खेळताना गुणगुणतील. आयलर ती चाल आधी सरळ वाजवतो, मग फाडून टाकतो, मग पुन्हा जोडतो. चाल एकदा डोक्यात बसली की मधली फाडाफाड कळायला लागते. आणि ज्याला काहीच माहीत नाही, फक्त शांत काहीतरी हवंय, त्याला पियानो आणि हार्प वाजवणाऱ्या अ‍ॅलिस कोल्ट्रेनची १९७१ची 'जर्नी इन सच्चिदानंद'. त्यात तानपुरा आहे. पण तानपुरा आहे म्हणजे राग आहे असं नाही, एवढं त्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो राग ओळखायचा प्रयत्न करत बसेल.

एका वेळी एकच द्या. पेनड्राइव्हवर चाळीस अल्बम भरून देणं म्हणजे पाहुण्याच्या पानात एकदमच सगळं वाढून ठेवण्यासारखं आहे. तो कशालाच हात लावत नाही.

एका कानाने ऐकणं

"ऐकलं, पण नुसता गोंगाट वाटला," असं कुणी म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारतो, कशावर ऐकलं? दहातल्या आठ जणांचं उत्तर असतं, मोबाईलच्या स्पीकरवर, किंवा गाडी चालवताना एका कानात इयरफोन घालून. 'फ्री जॅझ'चं ध्वनिमुद्रण २१ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कमध्ये झालं, तेव्हा दोन वेगळ्या चौकड्या एकाच वेळी वाजवत होत्या. डाव्या स्पीकरमध्ये कोलमन, डॉन चेरी, स्कॉट लाफारो आणि बिली हिगिन्स. उजव्या स्पीकरमध्ये फ्रेडी हबर्ड, एरिक डॉल्फी, चार्ली हेडन आणि एड ब्लॅकवेल. एकच कान लावला की चार माणसं गायब होतात. छोट्या ब्लूटूथ डब्यावर आठही जण एकमेकांवर चढून बसतात, आणि मग गोंगाटच ऐकू येणार.

उपाय अगदी साधा आहे. स्वस्तातला का होईना, पण दोन्ही कानांचा हेडफोन. पहिल्या वेळी फक्त डावीकडे लक्ष द्या, दुसऱ्या वेळी फक्त उजवीकडे. तिसऱ्या वेळी दोन्ही बास एकत्र ऐका. सदतीस मिनिटांच्या त्या रेकॉर्डचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये एक गाणं दुसऱ्यात विरघळवणारी सोय असते, तीही बंद करून ठेवा. या संगीतात शेवटची शांतता वादनाचाच भाग असते.

रेकॉर्ड हळू फिरतेय आणि आपल्याला पत्ताच नाही

हा घोळ मी स्वतः पाच-सहा महिने घातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एका नातेवाइकाने अमेरिकेहून परत येताना जुना रेकॉर्ड प्लेयर आणला आणि मला दिला. ट्रान्सफॉर्मर लावून २३०चे ११० व्होल्ट केले, प्लेयर चालू झाला, मी खूश. आयलर लावला. सॅक्सोफोन जड, खोल, जरासा सुस्त वाटला. वाटलं, हीच त्याची शैली असणार. भावगीत असतं तर पहिल्या ओळीतच कळलं असतं, कारण गाणाऱ्याचा आवाज आपल्या कानात पक्का बसलेला असतो. ज्या संगीतात ठरलेली लय नाही, ओळखीचा सूर नाही, त्यात चुकीचा वेग शैली म्हणून खपून जातो.

एके दिवशी घरी पाहुणे होते म्हणून जुन्या भावगीतांची एलपी लावली आणि गायिकेचा आवाज पुरुषासारखा आला. प्लेयर घेऊन मेन रोडजवळ टेप-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी प्लेयर उलटा करून पाटी वाचली आणि म्हणाले, "अहो, व्होल्टेज बदललंत हो तुम्ही, पण सायकल कोण बदलणार? ही मोटर साठ सायकलची आहे, आपल्याकडे पन्नास."

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची वारंवारता बदलत नाही. जुन्या प्लेयरमधल्या मोटरचा वेग याच वारंवारतेवर ठरतो. साठच्या जागी पन्नास मिळाले की मिनिटाला सव्वातेहतीसच्या किंचित वर फिरायला हवी ती तबकडी पावणेअठ्ठावीसच्या आसपास फिरते. सूर पेटीवरच्या जवळपास तीन पट्ट्या उतरतो, म्हणजे पांढरी एकचा सा खालच्या पांढरी सहावर जाऊन बसतो. काकांनी मोटरवरची छोटी पुली बदलून दिली आणि काम झालं. डीसी मोटरच्या नव्या प्लेयरमध्ये ही अडचण येत नाही.

तपासायला यंत्र लागत नाही. लेबलच्या कडेला कागदाचा छोटा कपटा चिकटवा, घड्याळ लावा आणि फेऱ्या मोजा. तीन मिनिटांत बरोबर शंभर भरायला हव्यात. नवा प्लेयर घेतला, पट्टा बदलला किंवा सेकंडहँड विकत घेतला, की शिफारशीच्या गोष्टी बोलायच्या आधी हे करा.

त्याच जातीचा दुसरा प्रश्न: ही खरखर वाद्याची की सुईची? आयलर, फॅरोआ सँडर्स, ब्रॉट्झमन हे सगळे सॅक्सोफोनमध्ये जोराने फुंकून मुद्दाम आवाज फाडतात, त्यामुळे झिजलेली सुई महिनोन्महिने लपून राहते आणि तेवढ्यात रेकॉर्डही खराब करून ठेवते. अशा वेळी ओळखीच्या गायकाची एलपी लावा आणि 'स', 'श' ऐका. ते फाटत असतील तर दोष सुईचा. रेकॉर्ड कडेपासून मध्याकडे सरकताना खरखर वाढत जात असेल तर सुई झिजली आहे किंवा सुई धरणाऱ्या प्लेयरच्या हाताचा (टोनआर्मचा) कोन चुकला आहे. बास आणि झांजा स्वच्छ आहेत आणि फक्त सॅक्सोफोन फाटलेला आहे, तर काळजी करू नका, तो माणूस तसाच वाजवतोय.

कोणती आवृत्ती, कोणतं साल

'असेन्शन' ऐकून दोघे जण वाद घालताना मी पाहिलेत. एक म्हणतो अमुक वादक तमुकच्या आधी येतो, दुसरा म्हणतो नंतर. दोघेही बरोबर असतात. २८ जून १९६५ला ती रचना दोनदा पूर्ण वाजवली गेली. १९६६ला बाजारात आधी एक वादन आलं, मग कोल्ट्रेनला दुसरं जास्त पसंत म्हणून तेच, त्याच कव्हरमध्ये, त्याच क्रमांकाने विकायला सुरुवात झाली. खूण एवढीच की शेवटच्या खाचांनंतरच्या कोऱ्या पट्ट्यात 'एडिशन टू' असं कोरलेलं असतं. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली की दिसतं. डिजिटल फायली जमवत असाल तर नावापुढे आवृत्ती लिहाच, नाहीतर सहा महिन्यांनी आपलं आपल्यालाच कळत नाही.

सालाचंही तसंच. 'इंटरस्टेलर स्पेस' बाजारात आली १९७४ला, वाजवली गेली २२ फेब्रुवारी १९६७ला, आणि त्याच जुलैमध्ये कोल्ट्रेन गेला. वहीत नुसतं १९७४ लिहिलं तर शेवटच्या काही महिन्यांतलं हे वादन आहे ही गोष्टच हरवते. सन रा या पियानोवादक-बँडप्रमुखाच्या रेकॉर्डींत हा घोळ पदोपदी आहे. त्याने आपल्याच सॅटर्न लेबलवर थोड्या थोड्या प्रती काढल्या, कधी हाताने रंगवलेल्या कव्हरमध्ये, आणि ध्वनिमुद्रण व प्रकाशन यांत वर्षानुवर्षांचं अंतर. वाजवल्याचं साल आणि बाजारात आल्याचं साल असे दोन वेगळे रकाने ठेवा.

पहिल्या छपाईचा हट्ट मात्र धरू नका. 'मशीन गन' पहिल्यांदा फक्त ३०० प्रतींत, ब्रॉट्झमनने स्वतःच काढली होती. ती मिळवायला पैसे घालण्यापेक्षा चांगली पुनर्मुद्रित प्रत घ्या आणि उरलेल्या पैशांत आज वाजवणाऱ्या एखाद्या वादकाची रेकॉर्ड थेट त्याच्याकडून घ्या. बाहेरून मागवताना विकणाऱ्याला एक ओळ लिहा: तबकडी कव्हरच्या बाहेर काढून वेगळी पॅक करा. नाहीतर प्रवासात ती कव्हरची शिवण आतून फाडते.

नाशिकच्या पावसाळ्याबद्दल थोडकंच, कारण इथल्या कुणालाही ते सांगावं लागत नाही. भिंतीला टेकून ठेवलेल्या कव्हरवर ऑगस्टपर्यंत बुरशीचे पांढरे ठिपके येतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, रेकॉर्डी उभ्या ठेवा, आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या खोलीत तर अजिबात नको, वाकड्या होतात. धुताना बोअरचं पाणी वापरू नका, त्यातला क्षार खाचांत बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापड पुरे. जुन्या ७८च्या लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते.

पखवाजवाल्या मित्राचं सांगायचं राहिलं. 'मशीन गन'नंतर वर्षभराने त्याला 'व्हीनस' ऐकवलं. माझ्या घरी, हेडफोनवर, सम येणार नाही असं आधी सांगून. दोनदा ऐकलं त्याने. मग म्हणाला, "हा सॅक्सोफोनवाला श्वास सोडतो ना, तिथे तो दुसरा जागा भरत नाही, मोकळी ठेवतो. याचं अजून काही आहे का?" त्याला कोल्ट्रेनचं आणखी काही नको होतं, त्याला रशीद अली हवा होता. मी त्याला अली आणि सॅक्सोफोनवादक फ्रँक लो यांची 'ड्युओ एक्स्चेंज' दिली, नंतर ट्रंपेटवादक डॉन चेरी आणि तबल्यावर लतीफ अहमद खाँ यांचं १९७८ला पॅरिसमध्ये झालेलं 'म्युझिक/संगम'. तेव्हापासून रेकॉर्डसोबत देतो त्या चिठ्ठीवर मी ड्रमवादकाचं नाव सगळ्यात वर लिहितो.