नवीन चष्म्याने डोकं दुखतंय? या चुका टाळा

नंबर बदलला, नवा चष्मा लागला आणि संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायला लागलं. अशा वेळी घरात दोनच मतं ऐकू येतात: ‘नंबर चुकीचा काढला’ किंवा ‘होईल हळूहळू सवय’. दोन्ही घाईची. डोकं कुठे दुखतं, केव्हा दुखतं आणि एक डोळा झाकला तर काय होतं, एवढं नीट पाहिलं तरी बराचसा उलगडा घरीच होतो.

नवा-जुना आलटूनपालटून घालणं

कामावर नवा आणि घरी आल्यावर ‘डोळ्यांना आराम’ म्हणून जुना, हा प्रकार आधी थांबवा. नंबर बदलला की मेंदूचा अंतराचा अंदाजही बदलतो. मायनस वाढला तर सगळं किंचित लहान दिसतं. सिलिंडर (तिरक्या नंबराची ताकद) किंवा त्याचा ॲक्सिस (तो नंबर ज्या कोनात बसवतात तो कोन) बदलला तर फरशी कललेली वाटते, दाराची चौकट तिरकी दिसते आणि जिना उतरताना पाय चाचपडतो. हे बहुधा काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत ओसरतं. प्रोग्रेसिव्ह काचांना (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) थोडा जास्त वेळ लागू शकतो. पण रोज रात्री जुना चष्मा चढवला तर सवय लागणार कधी? सकाळी उठल्याबरोबर नवाच घाला. फरशी कललेली दिसते आहे तोवर गाडी मात्र चालवू नका. आणि जुना फेकू नका, तो पुढे लागणार आहे.

सगळा दोष नंबरावर ढकलणं

कागदावरचा नंबर अचूक असूनही चष्मा चुकलेला असू शकतो, आणि खरी गोम बरेचदा इथेच असते. काचेचा ऑप्टिकल मध्य बाहुलीच्या समोर यावा लागतो. त्यासाठी दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, मोजतात. मोठ्या माणसांत ते साधारण 54 ते 74 मिलिमीटर असतं. मध्य सरकला की काच प्रिझमसारखी वागते, म्हणजे प्रकाश एका बाजूला वळवते. हे वळण ‘प्रिझम’ याच एककात मोजतात आणि हिशेब सोपा आहे: सेंटिमीटरमधलं सरकलेलं अंतर गुणिले नंबर. 4 नंबरच्या काचेचा मध्य 5 मिलिमीटर सरकला तर 2 प्रिझम, 1 नंबरला तेवढ्याच चुकीत अर्धा प्रिझम. म्हणून कमी नंबरवाल्याला जे कळतही नाही, ते जास्त नंबरवाल्याला दिवसभर छळतं. त्यातही आडवा फरक डोळे बऱ्यापैकी सांभाळून घेतात, उभा फार कमी. फ्रेम वाकडी होऊन एक काच जराशी खाली आली तरी जास्त नंबरात ते त्रासाला पुरतं.

घरी एक चाचणी करा. चष्मा घालून आधी एका डोळ्याने पाच मिनिटं वाचा, मग दुसऱ्याने, मग दोन्हींनी. एकेका डोळ्याने आराम आणि दोन्ही उघडल्यावर ओढ बसत असेल, तर बहुधा दोन डोळ्यांचा मेळ बिघडलाय: काचेचा मध्य चुकलाय, दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक आहे किंवा डोळ्यांच्या स्नायूंचा आधीच दडलेला दोष वर आलाय. एकाच डोळ्याने अंधुक दिसत असेल तर त्या काचेचा नंबर किंवा ॲक्सिस बघायला हवा. ॲक्सिस 10 अंशांनी चुकला तर सुमारे एक तृतीयांश सिलिंडर दोष शिल्लक राहतो. 30 अंशांनी चुकला तर जेवढा घालवायचा होता तेवढाच राहतो.

दुखणं कानशिलांवर किंवा कानामागे असेल आणि चष्मा काढल्यावर तिथे वळ दिसत असेल, तर काडी आवळतेय. दुकानात ती जरा सैल करून घ्या, विषय संपला.

काळंभोर दिसतं म्हणून तीच काच निवडणं

नंबर तपासताना ‘ही चांगली की ही?’ असं विचारलं की आपण जास्त गडद अक्षरांची काच निवडतो. पण मायनस गरजेपेक्षा जास्त झाला की अक्षरं नुसती लहान आणि काळी दिसतात, वाचता येणाऱ्या ओळी काही वाढत नाहीत. उलट डोळ्यातला फोकस करणारा स्नायू दिवसभर आवळलेला राहतो. लांबचं लख्ख, पण वाचताना भुवयांवर दुखणं आणि संध्याकाळी ते वाढणं, ही त्याची खूण. चाळिशीनंतर तर जवळचं अंधुकच होतं. तपासणीतल्या लाल-हिरव्या पट्टीवर हिरव्यातली अक्षरं ठळक दिसली तर मायनस जास्त झालाय असं समजतात, त्यामुळे तिथे मनापासून खरं सांगा. फरक कळत नसेल तर ‘सारखंच दिसतं’ हेही उत्तरच आहे. लहान मुलांचा नंबर औषधाचे थेंब घालून, हा स्नायू सैल करून तपासतात तो याचसाठी.

मधुमेह असेल आणि साखर वरखाली होत असेल तर नंबरही सरकतो. साखर काही आठवडे स्थिर राहू द्या, मग चष्मा करा.

स्क्रीनचा त्रास चष्म्याच्या माथी मारणं

प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचं काचेच्या खालच्या भागातून दिसतं. मॉनिटर उंचावर असेल तर हनुवटी वर करून बसावं लागतं आणि मान, डोक्याची मागची बाजू धरते. स्क्रीन खाली घ्या. डोळे चुरचुरत असतील तर पापण्यांची उघडझाप कमी होतेय. निळ्या प्रकाशाच्या कोटिंगवर मात्र भिस्त ठेवू नका. 2023 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा) त्याने अल्पकाळात डोळ्यांचा ताण कमी होतो असं दिसलं नाही.

चष्म्याचंच असेल म्हणून थांबणं

लाल, दुखरा डोळा आणि सोबत उलट्या किंवा दिव्याभोवती वलयं. अचानक दिसेनासं होणं. एकाएकी दोन-दोन दिसणं. डोळ्यासमोर विजा चमकणं. पन्नाशीनंतर नव्याने डोकं दुखणं आणि चावताना जबडा दुखणं. यातलं काहीही असेल तर चष्म्याची सवय होण्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

रिकाम्या हाताने परत जाणं

दोन आठवड्यांनंतरही त्रास असेल तर जुना चष्मा, नवा चष्मा आणि नंबराचा कागद घेऊन जा. दोन्ही चष्मे लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायचं यंत्र) लावून नंबर, ॲक्सिस आणि मध्य कागदाशी ताडून पाहायला सांगा. क्वचित डावी-उजवी काच अदलाबदल झालेलीही तिथेच सापडते. कागदाप्रमाणे सगळं बरोबर निघालं तर डॉक्टरांकडून नंबर पुन्हा तपासून घ्या. आणि नुसतं ‘डोकं दुखतं’ म्हणू नका, ‘वाचायला बसल्यावर अर्ध्या तासाने भुवयांवर दुखतं, डावा डोळा झाकला की थांबतं’ असं सांगा.